बांध राखायचा कुणी?

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत आपट्यानंतर जिते लागतं आणि पुढे हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी. रेल्वे आपट्यापर्यंत आली ती साठच्या दशकात, आणि मग कितीतरी वर्षं तिथेच अडून बसली. रोह्याला गाडी पोचायला १९८६ उजाडलं. त्यानंतर कोकण रेल्वे झाली, २६ जानेवारी १९९८ पासून ती पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि मंगलोरकडे सुसाट जाणाऱ्या गाड्यांना जित्याशी काही देणंघेणं उरलं नाही. इथे पॅसेंजर थांबते. ज्यांना जित्यालाच उतरायचंय तेवढे उतरतात.

पण कोकणची जमीन कशी आहे हे समजून घ्यायला याच्याइतकी सोयीची जागा नाही. पूर्वेला डोंगर, ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या, गवताचा आणि नाचणीचा वरकस. पश्चिमेला जमीन उतरत उतरत पाताळगंगेच्या खाडीला टेकते. दादर, रावे, हमरापूर इथून सुरू होणारा हा सखल पट्टा वाशी, वढाव, काणे, बोर्झे, शिर्की, नारवेल, बेनवले अशा गावांवरून धरमतरच्या खाडीपर्यंत आणि खाडीपलीकडे अलिबाग तालुक्यात पसरला आहे. लोक त्याला खारेपाट म्हणतात. मैल मैल सपाटी, मध्येच उंचवट्यावर बसलेलं गाव, गावाला लागून तळं, आणि सगळ्याला बाहेरून वळसा घालून गेलेला मातीचा बांध. झाडं कमी, माणसंही कमीच. २०११ च्या जनगणनेत पनवेल तालुक्यात साडेसात लाख माणसं होती. शेजारचा पेण तालुका दोन लाखांच्या आत होता. गाडीने जेमतेम काही स्थानकांचं अंतर, पण वस्तीचा हा एवढा फरक.

हा लेख त्या बांधाविषयी आहे. खारेपाटाची शेती, तिथल्या जाती, तिथले संप, मोर्चे, कायदे, सगळं शेवटी त्या पाच-सात हात उंचीच्या चिखलाच्या भिंतीपाशी येऊन थांबतं. भिंतीच्या आतली जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. बांध आहे म्हणून शेत आहे, सातबारा आहे, गाव आहे. बांध गेला की दोन उधाणांत तिथे खाडी असते.

बाहेरच्या बांधाला इथे बाहेरकाठा म्हणतात. त्याच्या आत शेताशेतांचे लहान बांध, आणि बाहेरकाठ्यात ठिकठिकाणी बसवलेल्या उघाड्या. उघाडी म्हणजे पावसाचं पाणी खाडीत सोडण्याची वाट. तिची करामत बघण्यासारखी असते. दार बाहेरच्या बाजूने, वरून टांगलेलं. भरती चढू लागली की खाडीचं पाणीच दाराला आत दाबून धरतं आणि वाट बंद होते. ओहोटी लागली की आत साठलेल्या गोड्या पाण्याचा रेटा दाराला बाहेर ढकलतो आणि शेत निथरतं. ना यंत्र, ना डिझेल. दिवसातून दोनदा समुद्र स्वतःच दार लावतो आणि उघडतो. मात्र दाराच्या फटीत एखादा ओंडका अडकला किंवा गाळ साचून ते पुरतं मिटेनासं झालं, की तोच समुद्र आत येतो. म्हणून उघाडीवर कुणाचं तरी लक्ष लागतं.

नव्याने बांध घातलेली खार लगेच पिकत नाही. काही पावसाळे नुसतं मीठ धुऊन निघण्यात जातात. पुढेही शेतीची रीत डोंगराकडच्या भातापेक्षा निराळी. तिकडच्या शेतीत भाजणी, नांगरणी, पेरणी, लावणी अशी मोठी यातायात. जुन्या खारीत मात्र नांगर फारसा घालतच नाहीत. पहिल्या पावसाने वरचं मीठ धुतलं जातं, मग बियाणं भिजवून, मोड आणून चिखलात फेकतात. त्याला रहू म्हणतात. भातही तसंच चिवट हवं. काळा राता, भुरा राता या लाल तांदळाच्या जुन्या जाती खारं पाणी सोसायच्या. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने याच जातींवर काम केलं आणि पुढे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशी वाणं दिली. ही सगळी पावसाळ्यातली गोष्ट. दिवाळीनंतर जमीन तडकते, वर मिठाची पांढरी साय येते आणि दुसरं पीक निघत नाही. वर्षाला एकच पीक, हे खारेपाटाचं अर्थशास्त्र. बाकीचे सात-आठ महिने माणसाने काय करायचं, याचं उत्तर शोधण्यात इथल्या पिढ्या गेल्या.

हे बांध घातले कुणी? कष्ट आगऱ्यांचे, यात वाद नाही. मीठ पिकवणारी आणि खारीत भात घेणारी ही जात उत्तर कोकणच्या खाडीकाठी सगळीकडे सापडते, आणि चिखलात उभं राहून काम करण्याची तिची ताकद मुंबईच्या गोद्यांनीही वापरून घेतली आहे. पैसा आणि हुकूम मात्र दुसऱ्यांचे. मराठेशाहीत आणि आंग्र्यांच्या अमलात खार बांधून काढणाऱ्याला कौल मिळे: पहिली काही वर्षं सारा माफ, मग चढत्या पायरीने. कारण उघड आहे. पाण्याखालच्या जमिनीवर सरकारला दमडी मिळत नव्हती. कुणी ती कोरडी करून देत असेल तर थोडं थांबणं परवडत होतं. पेणचा मुलूख १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला, अलिबागचं आंग्र्यांचं संस्थान १८४० मध्ये खालसा झालं, आणि कंपनी सरकारच्या कारकुनांना इथे एक अनोळखी हक्क सापडला: शिलोत्री.

शिलोत्री हा मला या सगळ्या कथेतला सर्वांत महत्त्वाचा दुवा वाटतो, आणि तोच सर्वांत कमी माहीत आहे. खोती सगळ्यांना ठाऊक आहे, शिलोत्री अलिबाग-पेणबाहेर कुणाला विचारून पाहा. शिलोत्रदार म्हणजे स्वतःच्या खर्चाने बाहेरकाठा घालणारा, किंवा अशा माणसाचा वारस. खारीत भात पिकवणाऱ्या प्रत्येक कुळाने त्याला सरकारी साऱ्याखेरीज बिघ्यामागे एक मण भात द्यायचं. त्याला शिलोत्री मण म्हणत. बदल्यात बाहेरचा बांध राखणं ही शिलोत्रदाराची जबाबदारी, आतले लहान बांध कुळांचे. म्हणजे हा मण काही नुसत्या मालकीचा खंड नव्हता. तो दुरुस्तीचा मोबदला होता. बांध धड असेल तर पीक, पीक असेल तर मण. शिलोत्रदाराचं पोट त्या चिखलाच्या भिंतीला बांधलेलं होतं. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये या पद्धतीचं वर्णन आहे. ते वाचताना जाणवतं की इंग्रज अधिकाऱ्यांना जमिनीचा मालक कोण हे ठरवताना घाम फुटला होता. कारण इथे एकाच शेतावर तीन हक्क होते: सरकारचा सारा, शिलोत्रदाराचा मण आणि कुळाची वहिवाट.

या पद्धतीचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. मण चुकत नसे. बांध चुकू शकत होता. हक्क वारसाने उतरत गेला, शिलोत्रदार गावाबाहेर राहायला गेले, आणि बांधाशी असलेला संबंध कागदावर उरला. तरीसुद्धा एक गोष्ट नोंदवायला हवी. फुटलेल्या बांधासाठी गावाला धरायला एक माणूस होता, त्याचं नाव होतं, घर होतं.

बांधाच्या आत पिकलेलं भात आणि आगरांतलं मीठ अंतोरा बंदरात जाई, तिथून मचव्यांतून आणि पडावांतून मुंबईला. पेण हे या व्यापाराचं गाव. घाटमाथ्याची आणि बंदराची उतारपेठ म्हणून ते वाढलं. तिथे ब्राह्मण होते, सीकेपी होते, गुजर-मारवाडी व्यापारी होते, तेल गाळणारे बेने इस्रायल होते. त्यांचं पेणमधलं सिनेगॉग १८६३ चं. याच तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ मध्ये विनोबांचा जन्म झाला. पुढे देशभर पायी फिरून त्यांनी भूमिहीनांसाठी जमीन मागितली. त्यांच्या जन्मगावापासून दिवसभराच्या चालीवर असलेल्या खारीत जमीन मिळवण्यापेक्षा ती पाण्यापासून टिकवण्याचा प्रश्न मोठा होता. पेणच्या पोह्यांची आणि पोह्यांच्या पापडांची आज जी ख्याती आहे, तिची मुळं याच भातबाजारात आहेत. भात होतं म्हणून पोहे झाले, पोहे होते म्हणून पापड, मिरगुंडं झाली, आणि हे सगळं लाटलं ते घराघरांतल्या बायकांनी.

खारेपाटातल्या माणसाचं ताट मात्र वेगळं. लाल भात, खाडीची मासळी, आणि सणासुदीला किंवा पाहुणा आला तर घरच्या तळ्यातला जिताडा. खाडीतून आलेलं जिताड्याचं पिल्लू तळ्यात सोडायचं, ते वाढवायचं आणि जावई आल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, ही इथली जुनी रीत. कातकऱ्यांचाही या बांधाशी संबंध आहे, पण कुठल्या दप्तरात तो नोंदलेला नाही. बांधाचे मोठे शत्रू दोन: उंदीर आणि खेकडा. दोघंही भिंतीला आतून बिळं पाडतात, आणि पहिलं गळतं तिथूनच सुरू होतं. कातकरी हे दोन्ही पकडण्यात पटाईत. भूक भागवता भागवता त्यांनी किती बांध वाचवले असतील, याचा हिशेब कुणी मांडला नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत जमीन सावकार-खोतांच्या हाती गोळा झाली होती. निम्मं पीक खंडात, वर कर्ज, वर बिगारी. खाडीपलीकडे अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात १९३३ च्या ऑक्टोबरात सभा झाली आणि नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला: खोताची जमीन कसायचीच नाही. पंचवीस गावं त्यात उतरली. हा संप १९३९ पर्यंत, सहा वर्षं चालला. शेतकऱ्याने शेत न करण्याचा संप, आणि तोही एक पीक घेणाऱ्या मुलखात! लोकांनी लाकडं विकली, मासळी मारली, मिळेल ती मजुरी केली. डिसेंबर १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीला आले. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्याच वर्षी नारायण नागूंनी ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र सुरू केलं. हा संप आणि त्यानंतरचा १९३९ चा कूळ कायदा यांची सांगड इतिहासकार घालतात, आणि ती रास्तच आहे. कसणाऱ्याला कायद्याने ‘कूळ’ म्हणून उभं राहायला जागा मिळाली ती या चिखलातून.

पुढची पंधरा-वीस वर्षं कायद्यांची आहेत. १९४८ चा कूळ कायदा, त्याच वर्षीचा मुंबईचा खारजमीन कायदा, खोती निर्मूलनाचा कायदा, आणि १९५५ मध्ये खास कुलाबा जिल्ह्यासाठी केलेला शिलोत्री हक्क निर्मूलन कायदा. एका जिल्ह्यातल्या एका हक्कासाठी विधिमंडळाने स्वतंत्र कायदा करावा, यावरूनच त्या हक्काची मुळं किती खोल गेली होती हे कळतं. मग १ एप्रिल १९५७, कृषकदिन. कूळ त्या दिवशी मालक झालं.

खारेपाटात आजही म्हातारी माणसं ‘कूळ कायद्यात जमीन लागली’ असं अभिमानाने सांगतात, आणि तो अभिमान खरा आहे. चरीच्या संपात उपाशी राहिलेल्यांच्या मुलांना जमीन मिळाली. पण जमिनीचा हक्क जसा एका हातातून दुसऱ्या हातात गेला, तशी बाहेरकाठ्याची जबाबदारी गेली नाही. शिलोत्रदाराचा मण संपला आणि मणाबरोबर त्याचं कामही. खोताला आता बांधात रस असण्याचं कारण नव्हतं. नवा मालक एकर-दोन एकरांचा धनी. मैलभर बांधाचा खर्च त्याच्या आवाक्याबाहेरचा. मधली पोकळी सरकारने भरायची होती. १९४८ च्या कायद्याने खारजमीन विकास मंडळ आलं, १९७९ मध्ये नवा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा झाला, पेणला खारभूमीचं विभागीय कार्यालय बसलं. काही बांध सरकारी योजनांत घेतले गेले. बाकीचे ‘खासगी योजना’ या शीर्षकाखाली राहिले, म्हणजे फुटले तर ज्याचं त्याने पाहावं. एकाच खाडीला लागून एक बांध सरकारी आणि पुढचा खासगी, आणि खाडीला मात्र हा भेद कळत नाही.

या सगळ्या काळात बांध उभे राहिले ते गावामुळे. गावाच्या या जुटीला इथे जोळ म्हणत. एका बाहेरकाठ्याच्या आत ज्यांची शेतं ती सगळी माणसं एका जोळातली. बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटला, की घरटी माणूस यायचा. न येणाऱ्याला समाजात तोंड दाखवायची सोय नसे.

खांड बांधायचं काम कसं चालतं हे समजून घेतलं पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच समजणार नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं; त्या दिवसांत फुटक्या बांधाजवळ जाण्यात अर्थ नाही. वाट पाहायची भांगाची. अष्टमी-नवमीच्या आसपास भरती कमी चढते, तेव्हा हातात दोन भरत्यांमधले काही तास येतात. खांडीच्या दोन्ही कडांना खुंट ठोकायचे, त्यांच्यामध्ये काटेरी झुडपं आणि पेंढा दाबायचा, आणि आतल्या शेतातून कापलेल्या चिखलाच्या लाद्या हातोहात पुढे सरकवायच्या. रांगेतला शेवटचा माणूस कमरेएवढ्या पाण्यात. वेग महत्त्वाचा, कारण भरती परतायच्या आत थर पुरेसा वर आला नाही तर केलेलं सगळं वाहून जातं आणि खांड आणखी रुंद होते. पहिल्या दिवशी पाच हातांची असलेली खांड पुढच्या उधाणापर्यंत पन्नास हातांची होऊ शकते. म्हणून खांडीवरचा खर्च आज शेकड्यांत, महिन्याने हजारांत आणि वर्षाने लाखांत. माती तीच, पाणी तेच. उशिराची किंमत फक्त वाढत जाते.

सरकारी यंत्रणेला नेमकं हेच जमत नाही. तिथे खांडीची पाहणी होते, अंदाजपत्रक होतं, ते वर जातं, मंजुरी येते, निविदा निघते. यात कुणी वाईट माणूस असावाच लागत नाही. सगळे नियमाने वागले तरी दोन पावसाळे सहज जातात. तोवर शेतात खारं पाणी रोज येतं आणि जातं, आणि पाण्याबरोबर तिवरांचं बी येतं.

इथून पुढची गोष्ट विलक्षण आहे. फुटलेल्या शेतात चार-पाच वर्षांत तिवर, चिपी यांचं दाट रान उभं राहतं. १९९१ मध्ये सागरकिनारा नियमन आलं. ६ ऑक्टोबर २००५ ला मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन कांदळवनांची तोड थांबवली, आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने ते संरक्षण पक्कं केलं. कांदळवनाभोवती पन्नास मीटरचा पट्टाही त्यात आला. मुंबईच्या आसपास बिल्डरांनी ज्या वेगाने तिवरं बुजवली, ते पाहता हा निकाल व्हायलाच हवा होता. पण खारेपाटातला शेतकरी त्यात दोन्हीकडून अडकला. सातबाऱ्यावर त्याचं नाव, पीकपाहणीत पड, जागेवर कांदळवन. बांध घालायला गेला तर वनाचा गुन्हा, न घालावा तर जमीन कायमची गेली. ज्याने तिवरं तोडली नाहीत, लावलीही नाहीत, फक्त ज्याची खांड वेळेवर बुजली नाही, त्याची जमीन निसर्गाच्या नावावर चढली. कांदळवन वाचलं पाहिजे, हे मान्य. मग ते ज्याच्या शेतात उगवलं त्याला भरपाईही मिळाली पाहिजे. शहरासाठी लाटा अडवण्याचं काम त्या शेतातली झाडं करत असतील, तर त्याचं भाडं शहराने द्यायला काय हरकत आहे?

पाण्याचा आणखी एक विपर्यास आहे. पाताळगंगा बारमाही वाहते ती पावसामुळे नव्हे. टाटांनी लोणावळ्याकडे धरणं बांधली आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू केलं. भीमेमार्गे कृष्णेत आणि मग बंगालच्या उपसागरात जायचं ते पाणी बोगद्यांतून आणि नळांतून घाटाखाली उतरतं आणि वीज करून पाताळगंगेत सोडलं जातं. त्याच्यावर रसायनीचे कारखाने उभे राहिले. पेणजवळ हेटवण्याचं धरण झालं. त्यातून तालुक्याची शेती भिजायची होती, पण पाण्याचा मोठा वाटा नवी मुंबईकडे गेला. आणि खारेपाटातल्या गावांना शहापाडा धरणाच्या पाण्याची वाट पाहत उन्हाळे काढावे लागले. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या तालुक्यात टँकर फिरतात, हे घाटावरच्या माणसाला सांगून पटत नाही.

अशा जमिनीवर २००५ नंतर महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राची, म्हणजे सेझची, नजर गेली. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली पंचेचाळीस गावं त्यात जायची होती. ओसाड, एकपिकी, फुटक्या बांधांची जमीन, तिचं शेतकऱ्याला काय एवढं, असा सूर तेव्हा मुंबईत ऐकू येत होता. विरोध उभा राहिला तो चरीच्या आठवणीवर. एन. डी. पाटील, उल्का महाजन यांच्यासारखी माणसं पुढे होती, पण मोर्च्यांत गर्दी होती ती खारेपाटातल्या बायकांची. हेटवण्याच्या लाभक्षेत्रात येणाऱ्या पेणच्या बावीस गावांत २१ सप्टेंबर २००८ ला सरकारने शेतकऱ्यांचं मत अजमावलं. बहुसंख्यांनी जमीन द्यायला नकार नोंदवला. पुढे संपादनच बारगळलं. जमीन राहिली. बांध होता तिथेच, तसाच राहिला. सेझविरुद्ध एकवटलेली माणसं खांडीवर मात्र पुन्हा तेवढ्या संख्येने जमली नाहीत.

त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. गावात खांड बांधणारे हातच उरले नाहीत. नव्वदच्या दशकात डोलवीला पोलादाचा कारखाना आला, त्याआधी नागोठण्याला पेट्रोरसायनांचा. खाडीतून बार्ज फिरू लागले. त्यांच्या लाटांनी काठ ढासळतात, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांनी वेगळी वाट काढली. पेणमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गणपती घडवण्याची परंपरा होतीच. गेल्या चाळीस वर्षांत ती या खेड्यांत आली आणि शेडमागून शेड उभी राहिली. भाताचं काम चार महिन्यांचं, मूर्तीचं बाराही महिन्यांचं. दोन्हींचा हिशेब मांडायला कुणाला शिकवावं लागत नाही. ज्या हातांनी चिखलाच्या लाद्या सरकवल्या असत्या, ते आता शाडू आणि प्लॅस्टरमध्ये आहेत, आणि बरे पैसे मिळवतात. त्यांना दोष देणारा मी कोण?

गोव्यातही अशीच खारजमीन आहे, तिला तिथे खाजण म्हणतात. तिथे बांध आणि मानस, म्हणजे त्यांची उघाडी, राखण्याचं काम गावकऱ्यांच्या संस्थेकडे होतं. मानशीत पकडलेल्या मासळीच्या लिलावाचा पैसा बांधाच्या कामी येई. पोर्तुगीज गेले, कूळ कायदा आला, आणि तिथेही बांधाचा धनी कोण हा प्रश्न लोंबकळत राहिला. उलट हॉलंडमध्ये समुद्राखालची जमीन राखणाऱ्या स्थानिक पाणमंडळांचा इतिहास तेराव्या शतकापर्यंत मागे जातो. राजे बदलले, राज्यं बदलली, मंडळं चालू राहिली. त्यांच्याकडे कर बसवायचा अधिकार आहे आणि तो पैसा बांधावरच खर्च होतो. आपल्याकडे अधिकार मंत्रालयात, पैसा ठेक्यात आणि पाणी शेतात.

आता पुन्हा नवी हवा आहे. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला, त्याच वर्षी उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी सरकारने एमएमआरडीएला नवनगर प्राधिकरण म्हणून नेमलं. आसपासच्या जमिनीला भाव चढले. फुटक्या खारीलाही गिऱ्हाईक आहे, आणि फुटका बांध दुरुस्त न होण्यात कुणाचा फायदा आहे हे आता वेगळं सांगायला नको. मालकाला शेत करता आलं नाही की तो विकतो.

शिलोत्री परत आणा, असं कुणी म्हणणार नाही, म्हणूही नये. पण त्या जुन्या व्यवस्थेत एक सूत्र होतं: ज्याला पिकातून मिळतं त्याने बांध राखायचा, आणि राखण्यासाठी त्याच्या हाती काहीतरी असायचं. कायद्यांनी पिकाचा मालक बदलला, ते चांगलं केलं. बांधाच्या खर्चाची सोय मात्र गावापासून तोडून दूर नेली. मोठी कामं, उघाड्यांची काँक्रीटची बांधणी, नारवेल-बेनवल्यासारखे मैलोगणती बांध, ही सरकारचीच आहेत आणि सरकारने खासगी-सरकारी भेद मिटवून ती करावीत. पण पाच हातांची खांड गावाची आहे. तिच्यासाठी दरवर्षी दिवाळीनंतर ग्रामपंचायतीच्या खात्यात ठरावीक रक्कम ठेवा, आणि खांड पडेल त्याच भांगाला ती खर्च करण्याचा अधिकार गावाला द्या. नंतर हिशेब तपासायला कार्यालयं पुष्कळ आहेत.